गाव उभे वाचावे

'गाव' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र येते. वेशीजवळचा मारुती, चावडी, पाराभोवतीची माणसे, पांढरीत एकमेकांना खेटून बसलेली घरे आणि सभोवार पसरलेली काळी, म्हणजे शेतजमीन. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' या 1915 सालच्या ग्रंथाने हे चित्र इतके पक्के केले की अभ्यासक आजही खेड्यात शिरताना आधी बलुतेदार मोजू लागतात. सातारा-सांगलीपुरते बोलायचे तर हे चित्र कृष्णाकाठचे आहे. त्याच्याही पूर्वेचा कोरडा माणदेश व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'ने घरोघर पोचवला. कृष्णाकाठ आणि माणदेश अशी या मुलखाची दोन रूपे मराठी वाचकाच्या चांगल्या ओळखीची झाली.

तिसरे रूप मात्र पाठीमागेच राहिले. महाबळेश्वर, जावळी आणि पाटण हे साताऱ्याचे तालुके आणि सांगलीच्या शिराळ्याचा पश्चिमेकडचा भाग, म्हणजे सह्याद्रीच्या ऐन माथ्यावरची आणि त्याच्या कुशीतली शेकडो वाड्या-वस्त्यांची गावे. इथे पांढरी-काळीची जोडी लागू पडत नाही. माती तांबडी, वस्ती एका जागी दाटलेली नसून उतारावर चार घरे इथे, सहा घरे तिथे अशी विखुरलेली. बारा बलुती तर कुठल्याच वाडीला परवडली नसती. लोहाराकडे जायचे तर डोंगर उतरावा लागे, आणि शिंपी वर्षातून एकदा यात्रेच्या आधी भेटे. 'गावगाडा' हातात घेऊन इथे आलेल्याला आधी वाटते, हे गाव अपुरे आहे. गाव पुरे आहे. ते वाचायची रीत वेगळी आहे, आणि ती रीत हातात यावी एवढ्याचसाठी ही प्रस्तावना लिहितो आहे.

एवढ्याशा वाडीकडे कुणी का पाहावे, असे वाचकांनी विचारले तर तो प्रश्न रास्तच आहे. पहिले उत्तर पाण्याचे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुनी माणसे अजून 'दोनशे इंच' म्हणतात. तिथून तासाभराच्या रस्त्यावर असलेल्या वाईत त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही पडत नाही, आणि माण, आटपाडीकडे तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. कृष्णा आणि कोयना महाबळेश्वरात उगम पावतात, वारणा त्यांच्या दक्षिणेला. कराड-सांगलीकडचा ऊस ज्या पाण्यावर उभा आहे ते पाणी आधी या वाड्यांच्या पाख्यांवरून वाहून आलेले असते. सातारा शहर पिढ्यान्‌पिढ्या कासच्या तळ्याचे पाणी पीत आले आहे. कोयनेच्या वीजघरांची क्षमता 1960 मेगावॅट आहे. खालच्या मुलखाचे इतके काही ज्या उंचीवर अवलंबून आहे, ती उंची राखणारी माणसे कशी जगली आणि जगतात हे ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते.

दुसरे उत्तर थोडे आतले आहे. पाऊस, उतार आणि पातळ माती या तिघांना तोंड देत माणसाने शेकडो वर्षे घर मांडले, ते कसे मांडले हे पाहण्यासारखे आहे. त्यात बारीक अक्कल आहे. ती पुस्तकात उतरलेली नाही. ती हातांत, शब्दांत आणि जागांच्या नावांत आहे.

ती पाहायची तर गाव उभे वाचावे लागते. सपाटीवरचे गाव आडवे वाचता येते: वेशीतून आत शिरा, आळी-आळीने फिरा, शिवारात जा. डोंगरी गाव मात्र माथ्यापासून ओढ्यापर्यंत उतरत जाते. सर्वांत वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. पावसाळ्यात तिथे गवत आणि फुले, उन्हाळ्यात नुसता तापलेला कातळ. सड्यावर पडलेले पाणी जांभ्यातून झिरपते आणि खालच्या घट्ट काळ्या दगडाला अडून कड्याच्या पायाशी झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. जिथे झरा, तिथे वस्ती. घरे अमुक उंचीवरच का आहेत, वर का नाहीत आणि खाली का नाहीत, याचे उत्तर बहुतेक वेळा त्या झऱ्यापाशी सापडते. वस्तीच्या वर किंवा बाजूला देवराई. त्या राईतून फांदीही तोडायची नाही हा दंडक, आणि पुष्कळदा झरा त्या राईतच. वस्तीच्या खाली नाचणीची वरकस जमीन, तिच्या खाली ताली घालून केलेली भाताची खाचरे आणि सर्वांत खाली ओढा. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून त्यांच्याकडे वनस्पतिशास्त्राचे लक्ष गेले. पाण्याच्या अंगाने त्यांच्याकडे अजून पुरेसे पाहिलेले नाही, हे माझे मत मी इथे नोंदवून ठेवतो.

इथे थोडे लांब, जावा बेटावर जाऊन येऊ. तिथल्या डोंगराळ खेड्यांवर जगभरच्या अभ्यासकांनी भरपूर लिहिले आहे, आणि ते वाचताना साताऱ्याच्या वाचकाला सारखे घरचे काही भेटत राहते. गावाला तिथे 'देसा' म्हणतात. तो आपला 'देश'च. आपले घाटातले लोक कराड-वाईकडे निघाले की 'देशावर चाललो' म्हणतात, तर जावात देसा म्हणजे स्वतःचेच खेडे. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरांवरच्या दिएंग पठारावर लहानलहान प्राचीन मंदिरे आहेत आणि लोकांनी त्यांना अर्जुन, भीम, घटोत्कच अशी नावे दिलेली आहेत. आपण डोंगरातल्या लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणतो तसेच. दोन्हीकडचे डोंगर ज्वालामुखीचे. फरक वयाचा आहे, आणि त्या फरकात पुढचे सगळे आले. जावाचे डोंगर जिवंत आहेत. त्यांची राख पडत राहते, माती ताजी राहते, म्हणून उंच उतारावरही बटाटा, कोबी पिकतो आणि माणसांची दाटी टिकते. आपला लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला. त्यावर इतका पाऊस पडून गेला की माथ्यावर सत्त्व निघून गेलेला जांभा तेवढा उरला. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 1963 साली असे मांडले की जावाची पाणभाताची खाचरे वाढत्या हातांना सामावून घेत गेली. एकाच तुकड्यावर आणखी माणसे, आणखी बारीक मेहनत. त्या मांडणीवर पुढे पुष्कळ वाद झाले. पण तिच्याशेजारी जावळी-पाटण ठेवून पाहिले की आपल्या वाड्यांचे एक मोठे सत्य उलगडते. इथल्या जमिनीला जास्तीचे हात सामावता आले नाहीत. ते हात मुंबईला गेले.

मुंबईकडे वळण्याआधी जमीन जवळून पाहू. पाटण तालुक्यातल्या एका वाडीत मी राब भाजताना पहिल्यांदा पाहिले ते चैत्र संपता संपता. नाचणीचा तरवा जिथे टाकायचा तेवढा उताराचा लहानसा तुकडा. त्यावर आधी शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळीच्या छाटून वाळवलेल्या डहाळ्या, वर पाला आणि गवत, आणि सगळ्यांच्या वर चाळल्यासारखी बारीक माती, हाताने भुरभुरलेली. सुनेच्या हातात पेटती चूड. ती खालच्या कडेला वाकली तशी म्हातारी ओरडली, "अगं, वारं खालनं हाय, वरच्या अंगानं पेटीव!" सून निमूट वर गेली. मग माझ्याकडे वळून म्हातारी म्हणाली, "भडाभडा जळालं तर वरल्यावर राख हुती बाबा, खालचं बी जितंच ऱ्हातं. हळू जळाया पायजे." जाळ वाऱ्याच्या तोंडावर सरकत होता, वीतभर सरकायला बराच वेळ घेत होता. मातीच्या थराखाली ऊब कोंडून राहिली होती आणि तिच्यात तणाचे बी भाजून निघत होते. पहिल्या पावसाबरोबर या राखेवर नाचणी फेकली की रोप तणाविना वर येते आणि महिन्याभरात लावणीला तयार होते. राबाला शेतीखात्याच्या पुस्तकांनी पूर्वी बरेच दोष दिले, झाडे छाटली जातात म्हणून. तो दोष खोटा नाही. पण पातळ, धुपलेल्या मातीत खताचा पैसा नसताना पीक कसे उभे करायचे याचे उत्तर म्हणून वाचकांनी राबाकडे एकदा पाहावे. वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्या वर्षी कारळे आणि मग काही वर्षे जमीन पडीक सोडायची, हा क्रमही त्याच हिशेबातला.

दुसरी जवळून पाहण्याची गोष्ट म्हणजे आगोटीची बेगमी. चार महिने सूर्य दिसणार नाही, ओढ्यांना पाणी आल्यावर वाट बंद होईल, हे धरून वैशाखात घर भरले जाते. सरपण गोठ्याच्या माळ्यावर रचायचे, शेणी रचायच्या, गुरांसाठी गवताच्या गंजी, मीठ, मिरची, सुकट, बोंबील. घराच्या कारवीच्या कुडांना नव्याने शेण-माती लिंपायची आणि ज्या अंगाने पाऊस मारतो त्या पश्चिमेच्या अंगाला गवताचे झाप बांधून भिंत झाकायची. माणसे आणि गुरे एकाच छपराखाली. गोठ्याची ऊब माजघरापर्यंत येते. शेतात लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर इरले, गुराख्याच्या डोक्यावर घोंगड्याची खोळ. प्लास्टिकचा कागद आला तसे इरले मागे पडले. तरी इरल्याखाली वाकून दोन्ही हात मोकळे राहतात, हे तुम्हाला कुठलीही जुनी बाई सांगेल.

सुकट-बोंबील आले कुठून, हा प्रश्न आपल्याला एका गैरसमजाच्या मुळाशी नेतो. डोंगरी गाव म्हणजे जगापासून तुटलेले गाव, असे शहरी वाचक सहज धरून चालतो. प्रत्यक्षात ही गावे दोन मुलखांच्या मधल्या उंबऱ्यावर बसली आहेत. हेळवाकवरून कुंभार्ली घाटाने चिपळूण, आंबेनळीने पोलादपूर, आणि नकाशावर नसलेल्या कितीतरी पायवाटा. मीठ आणि मासळी वर येई, तूप, हिरडा, मध खाली जाई. सोयरीकही घाट उतरून होई. जावळीचे महत्त्व याच वाटांमुळे. 1656 साली शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली ती घाटवाटांची किल्ली म्हणून, आणि तीन वर्षांनी प्रतापगडाच्या पायथ्याशी त्या किल्लीचा उपयोग साऱ्या हिंदुस्थानने पाहिला. इंग्रजांच्या काळात महाबळेश्वराला चीन आणि मलायाकडचे कैदी आणून ठेवले होते; तिथल्या बटाट्याच्या आणि भाजीच्या बागांना त्यांचे हात लागले. जावाच्या शेजारच्या मुलखातली माणसे आपल्या माथ्यावर माती उकरत होती, हे वाचले तेव्हा मी किती तरी वेळ त्याच पानावर थांबलो होतो.

गावाचा शेजार समजल्याशिवाय गाव समजत नाही. वाडीच्या वरच्या अंगाला, सड्याच्या कडेला, गवळी धनगरांचे वाडे असतात. म्हशी, तूप आणि रानाची अचूक ओळख ही त्यांची पुंजी. गावाचे शेत आणि धनगराची म्हैस यांच्यात भांडण होते आणि देवाणघेवाणही होते: खत शेताला, धान्य वाड्याला. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी या समाजाच्या निसर्गाशी असलेल्या नात्याचा अभ्यास केला, आणि गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्याचा मोठा भाग धनगरांची दैवते व परंपरा समजून घेण्यात घालवला. एक जर्मन माणूस इथल्या ओव्या ऐकायला वर्षानुवर्षे येत राहिला, ही गोष्ट आपणही उठून जावे यासाठी पुरेशी आहे.

आता मुंबई. पाटण आणि जावळीच्या घराघरांतून पुरुष गिरणीत गेले, गोदीत गेले, बाजारपेठांत पाठीवर ओझी वाहू लागले. माथाडी कामगारांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. 1969 साली झालेला माथाडी कायदा या डोंगराच्या इतिहासाचाही भाग आहे. मुंबईत एकेका गावाची खोली असे. दहा बाय बाराच्या जागेत पाळीपाळीने झोपणारे वीस-पंचवीस गाववाले, खानावळीचा डबा आणि महिन्याची मनिऑर्डर. गावातले देऊळ, शाळेची खोली, पाण्याची टाकी पुष्कळदा मुंबईकर मंडळाच्या वर्गणीतून उभी राहिली. मागे राहिली ती बाई. राब तिने भाजला, लावणी तिने केली, सासू-सासरे तिने पाहिले. डोंगरी शेतीवरच्या लिखाणात 'शेतकरी' हा शब्द पुल्लिंगी येतो तेव्हा वाचकांनी तो सावधपणे वाचावा. चैत्र-वैशाखात ग्रामदेवतेची यात्रा असते, पालखी निघते, तेव्हा गाव आठवडाभर भरते. भैरवनाथ असो की बनपुरीचा नाईकबा, देवाच्या निमित्ताने गाव स्वतःला मोजून घेते: कोण आले, कोण आले नाही.

काही गावांना तर यात्रेला परत यायची जागाच राहिली नाही. कोयना धरण 1960 च्या दशकात पुरे झाले आणि शिवसागर जलाशयाखाली व त्याच्या काठावर शंभराच्या आसपास गावांचा संसार विस्कटला. लोक सोलापूर, ठाणे अशा दूरच्या मुलखांत गेले. दोनशे इंच पावसाची सवय असलेली माणसे कोरड्या माळावर जाऊन बसली. इरावती कर्वे आणि त्यांच्या कन्या, फलटणच्या जाई निंबकर, यांनी या विस्थापितांची पाहणी केली आणि ती 1969 साली डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केली. या विषयात शिरणाऱ्याने ती पाहणी लवकर वाचावी. पाणी कुणाचे आणि किंमत कुणी दिली, हा प्रश्न त्यानंतर डॉ. भारत पाटणकरांसारख्यांनी चळवळीत आणला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपाने कोयना खोऱ्यातली दगड-मातीची घरे बसली. पुढे अभयारण्य आले, चांदोलीची गावे उठली, आणि 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ आणि रान राखले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते रान इतकी वर्षे कुणाच्या शेजारी राहिले होते, हेही त्याच वहीत लिहिले जायला हवे.

2012 मध्ये कास, कोयना आणि चांदोली जागतिक वारसा यादीत गेले आणि सड्यावरची फुले पाहायला गर्दी लोटली. तुमची या मुलखाशी ओळखही कदाचित तशाच एखाद्या सप्टेंबरच्या रविवारी झाली असेल. त्यात वावगे काही नाही. टोपली कारवी सात-आठ वर्षांनी फुलते तेव्हा ती पाहावीच. फक्त पुढच्या वेळी कास, कासाणी, एकीव, आटाळी या गावांकडेही उतरून पाहा. ज्याला तुम्ही फुलांचे पठार म्हणता, तो त्यांचा सडा आहे. गुरे चारायचे कुरण आणि पाण्याचा माथा. महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 साली 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला. तिथे सातेरी मधमाश्या पाळणाऱ्या माणसाला विचारलेत तर तो वर्षाचे महिने सणांऐवजी फुलांनी सांगेल: जांभूळ, गेळा, पिसा, हिरडा, आणि ज्या वर्षी व्हायटी किंवा आखरा फुलेल ते भाग्याचे वर्ष. तालुका महाबळेश्वरचाच, पण भिलारची ओळख स्ट्रॉबेरीची आणि 2017 पासून पुस्तकांच्या गावाची. डोंगर बदलतो आहे, आणि त्याच्या बदलाचा अभ्यास आजच सुरू करावा लागेल. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच रात्रींत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर उतरला. उतार, झरे आणि ताली यांचे जुने ज्ञान कुठे टिकले, कुठे तुटले आणि कुठे अपुरे पडले, हे पाहणे आता नुसत्या कुतूहलाचे राहिलेले नाही.

सुरुवात कुठून करावी, असे नवे वाचक मला विचारतात. 1885 चे सातारा गॅझेटियर जरूर चाळा, पण आधी नको. आधी एक गाव निवडा, लहानात लहान. तिथल्या जागांची नावे लिहून घ्या: सडा, माची, घळ, खिंड, टेप, कोंड, प्रत्येक नावामागे उंची आणि पाणी आहे. झरे विचारा, कोणता कोणत्या महिन्यात आटतो ते. बायकांना विचारा, आणि त्या कामात असतील तेव्हा हात चालवत विचारा. पहिली भेट आषाढात घडली तर उत्तम. भिजाल, जळवा लागतील, समोरचा डोंगर दिसणारही नाही, पण घर असे का बांधले आहे हे कुणाला विचारावे लागणार नाही. दुसरी भेट वैशाखात, यात्रेला.

आणि गाडीने जाऊ नका. मेढा किंवा पाटणच्या स्थानकावर संध्याकाळी मुक्कामी एसटी लागते. बाजार केलेली माणसे, शाळेची पोरे, मुंबईहून आलेला एखादा पाहुणा आणि टपावर कुणाची तरी पत्र्याची ट्रंक घेऊन ती अंधार पडता पडता वळणे चढू लागते. चालक-वाहक रात्री गावातच, बहुधा देवळात, पाठ टेकतात. जेवण कुठल्या तरी घरातून येते आणि तुम्ही परके दिसलात तर तुमच्यासाठीही भाकरी वाढलेली असते, नाचणीची. पहाटे गाडी निघायच्या आधी दुधाचे कॅन चढवतात. त्या आवाजाने जाग येईल. उठा, आणि गाडी जाऊ द्या.